छत्तीसचा आकडा

आमच्या आजीची चोळी खणाची, गाठीची. अंग भरलं की गाठ सैल, ओसरलं की घट्ट. आपला नंबर किती, हे तिला जन्मभर ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून तिचं काही अडलंही नाही.

नंबर आले ते ब्रेसियरबरोबर. १९१४ साली न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या बाईने दोन हातरुमाल नि रिबीन जोडून केलेल्या वस्तूचं पेटंट घेतलं. दोन रुमालांत माझ्यासारखीचं काय भागणार म्हणा! पुढे १९३२ मध्ये अमेरिकेतल्याच कॅम्प कंपनीने भरणीसाठी ए, बी, सी, डी अशी अक्षरं आणली. तेव्हा आकडा घेराचा, अक्षर कटोरीचं. आणि भार पेलायचा तो छातीखालच्या पट्ट्याने, खांद्यावरच्या बंदांनी नव्हे.

खांदेश्वरच्या एका दुकानात मी "डी आहे का?" विचारलं. "ताई, छत्तीस न्या, सगळ्यांना होतं!" तेव्हापासून त्या दुकानाशी माझा छत्तीसचा आकडा. गावाच्या नावात खांदा आहे म्हणून सगळा भार काय खांद्यांनीच वाहायचा?

शेवटी कामोठ्याच्या एका शिवणकामवाल्या बाईंनी टेप लावला. कटोरी मोठी, पट्टा चांगला चार बोटं रुंद. आता वाशीपर्यंत लोकलमध्ये उभी राहते, पण खांद्यांवर वळ उठत नाहीत.