तीन हजारांपासून सहा कोटींपर्यंत: डॉक्टर, कायदा आणि विमा

आमच्या मीरा रोडच्या पूनम सागरमध्ये ओळखीचे एक डॉक्टर आहेत. वय झालं म्हणून त्यांनी दवाखाना बंद केला. परवा भेटले तर हातात विमा नूतनीकरणाचा कागद. म्हटलं, "डॉक्टर, दवाखाना बंद, मग हा हप्ता कशाला?" म्हणाले, "अहो, दवाखाना बंद झालाय, जुने पेशंट आहेतच ना!"

डॉक्टरांचा हा विमा बहुतेक वेळा दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षीची पॉलिसी बघतो. उपचार जुने असले तरी पॉलिसी मध्ये खंडित झालेली चालत नाही. आज हप्ता थांबवला आणि उद्या जुन्या ऑपरेशनची नोटीस आली, तर भरपाई खिशातून.

ही वेळ कशी आली? थोडं मागे जाऊ.

मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पळशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या मुलाचं मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं, आणि तिथे ९ मे रोजी तो गेला. नीट भूल न देता जोर लावून हाड बसवलं, असा वडिलांचा आरोप. लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा खटला सुप्रीम कोर्टात १९६८ साली संपला. भरपाई किती? ३,००० रुपये. पंधरा वर्षांनी! पण कोर्टाने तेव्हा घालून दिलेली कसोटी आजही तीच आहे. पेशंट बरा झालाच पाहिजे असं नाही. डॉक्टरने वाजवी कौशल्य आणि काळजी वापरली पाहिजे.

म्हणजे कसोटी बदलली नाही. बदललं ते दार, आणि किंमत.

१३ नोव्हेंबर १९९५ ला व्ही. पी. शांता खटल्यात सुप्रीम कोर्टाने पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात आणले. दिवाणी कोर्टात पिढी घालवायची गरज उरली नाही. २०१३ मध्ये अनुराधा साहा प्रकरणात भरपाई सहा कोटींच्या घरात गेली. उपचार कोलकात्यात झाले होते, मृत्यू १९९८ साली मुंबईत.

मग आला २०१९ चा ग्राहक कायदा. मसुद्यातला 'आरोग्यसेवा' हा शब्द अंतिम कायद्यातून गळला, तेव्हा डॉक्टरांना वाटलं, सुटलो. मुंबई हायकोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं, सुटला नाहीत. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं.

त्याच कायद्यात एक बारीक बदल आहे, त्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. दावा कुठे लावायचा हे आता मागितलेल्या भरपाईवर नाही, भरलेल्या बिलावर ठरतं. बिल ४० हजारांचं आणि मागणी दोन कोटींची असली तरी केस ठाण्याच्या जिल्हा आयोगात चालते. पूर्वी एवढ्या दाव्याला दिल्ली गाठावी लागे. पेशंटसाठी हे चांगलंच झालं. डॉक्टरसाठी मात्र विम्याची रक्कम वाढवणं आलं.

आणि विमा फक्त पैसे देतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला डॉक्टरांसाठी कमाल दोन वर्षं कैद आहे. ती काही विमा कंपनी भोगत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने 'घोर निष्काळजीपणा असेल तरच गुन्हा' ही आड घातली, पण धास्ती जात नाही.

या धास्तीची किंमत कोण मोजतं? गेल्या पावसाळ्यात रात्री एक वाजता आमच्या शेजारच्या काकांना एका छोट्या नर्सिंग होमने दारातूनच सांगितलं, "मोठ्या हॉस्पिटलला न्या." पुढचा पाऊण तास रिक्षात गेला. काका वाचले, म्हणून हे शांतपणे लिहितोय.

मी डॉक्टरांच्या बाजूने नाही आणि विरोधातही नाही. चूक झाली तर भरपाई मिळालीच पाहिजे. पण धोका एकट्या छोट्या डॉक्टरच्या डोक्यावर ठेवला, तर तो आधी अवघड पेशंट नाकारतो, मग दवाखानाच बंद करतो. उरतात ती मोठी हॉस्पिटलं, आणि त्यांची बिलं.

तेव्हा डॉक्टरांनो, कागद नीट लिहा आणि नातेवाइकांशी बोला. आणि आपण, बिलाबरोबर केसपेपर मागून घेऊ. तो आपला हक्क आहे.

तुमच्या भागातले किती छोटे दवाखाने उरलेत? कमेंटमध्ये सांगा.