सुटा रंग, सुटं औषध

अक्कलकोट रोड एमआयडीसी म्हटलं की चादरी आणि टॉवेल. ह्या धंद्यात गिऱ्हाइकाचा एक प्रश्न ठरलेला: रंग जाणार तर नाही ना? गंमत म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या भूलतज्ज्ञापुढेही जवळपास हाच प्रश्न असतो, फक्त तिथे सुताच्या जागी रक्त असतं. आणि ही नुसती उपमा नाही बरं का. दोन्हींचा इतिहास खरोखरच एका रंगापाशी जुळतो.

१८८४ साली पाउल ब्योटिगर ह्या जर्मन रसायनज्ञाने काँगो रेड शोधला. तोवर सुतावर बहुतेक रंग चढवायचे तर आधी तुरटीसारखं काहीतरी लावावं लागे. काँगो रेड मात्र थेट सुताला चिकटला. पण पकड ढिली! रंग आणि तंतू यांच्यात पक्का रासायनिक बंध नाही, नुसती ओढ. म्हणूनच असे 'डायरेक्ट' रंग धुण्यात थोडे थोडे सुटतात. सुताशी पक्का बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात यायला १९५६ उजाडलं.

मध्यंतरी १९२२ मध्ये हर्मान बेनहोल्ड ह्या जर्मन डॉक्टरने हाच रंग रुग्णांच्या शिरेत टोचला, अमायलॉइडचा आजार ओळखायला. आजाऱ्याच्या रक्तातून रंग भराभर नाहीसा व्हायचा, निरोगी माणसाच्या रक्तात मात्र रेंगाळायचा. का? तर रक्तातल्या ॲल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाने त्याला धरून ठेवलेलं असायचं. पुढे १९३२ मध्ये बेनहोल्डने मांडलं की रक्तातली प्रथिनं ही जणू मालवाहू गाड्या आहेत.

१९३४ पासून थायोपेंटोन हे भुलीचं औषध शिरेतून देऊ लागले. १९५४ मध्ये गोल्डबॉम आणि स्मिथ यांनी दाखवलं की थायोपेंटोनच्या कुळातली औषधंही ॲल्ब्युमिनला अशीच सैल चिकटतात. थायोपेंटोनचा साधारण ८० टक्के भाग चिकटलेला असतो. आज सर्रास वापरलं जाणारं प्रोपोफॉल तर ९७-९८ टक्के!

आता मेख अशी, की मेंदूपर्यंत पोचतं ते फक्त सुटं औषध. चिकटलेलं म्हणजे आमच्या भाषेत बफर. समजा, ९८ टक्क्यांचे ९६ झाले. फरक दोनाचाच दिसतो, पण सुटा भाग दोनाचा चार, म्हणजे दुप्पट झाला. सुटलेलं औषध इतर अवयवांतही पसरतं, त्यामुळे परिणाम नेमका दुप्पट होत नाही, हे खरं. तरी झटकन टोचलेल्या औषधाच्या बाबतीत पहिली काही मिनिटं महत्त्वाची असतात, रक्तदाब एकदम घसरू शकतो.

आणि हे 'समजा' पुस्तकी नाही. किडनी किंवा लिव्हर बिघडलेल्या रुग्णांच्या रक्तात थायोपेंटोनचा सुटा भाग जास्त असतो, हे १९७५ मध्ये मोजून दाखवलं गेलं. कुपोषणात आणि मोठ्या भाजण्यात तर ॲल्ब्युमिनच कमी पडतं. म्हणजे औषध तेच, वजन तेच, पण रुग्णागणिक डोस वेगळा.

२००० साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात स्फटिकांचा अभ्यास करून प्रोपोफॉल ॲल्ब्युमिनच्या नेमक्या कुठल्या खोबणीत बसतं तेही पाहिलं गेलं.

तेव्हा मंडळी, ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञ जुने आजार खोदून खोदून विचारतात, किडनी-लिव्हरचे रिपोर्ट मागतात, तेव्हा वैतागू नका. सगळं सांगा. किती औषध चिकटेल आणि किती सुटेल, ह्याचा अंदाज त्यांना त्यावरूनच बांधायचा असतो. चादरीचा रंग गेला तर दुसरी घेता येते. इथे तशी सोय नाही.