रोपित स्नायुसंवेदक

रोपित स्नायुसंवेदक : कृत्रिम हात किंवा पाय चालवण्यासाठी तुटलेल्या अवयवाच्या उरलेल्या भागातील स्नायूंत शस्त्रक्रियेने बसवलेली, तेथील विद्युत्संकेत टिपणारी सूक्ष्म साधने. हात कोपराखाली तुटला तरी बोटे व मनगट हलवणाऱ्या स्नायूंचा बराचसा भाग शिल्लक राहतो. मूठ मिटायचे मनात आले की मज्जातंतूंमार्फत या स्नायूंना आदेश पोचतो, ते आकुंचन पावतात आणि त्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. तो टिपून वाढवला, की त्यावर कृत्रिम हाताच्या मोटारी चालवता येतात.

या तत्त्वावरचा पहिला हात राइनहोल्ड राइटर यांनी १९४०च्या दशकात म्यूनिकमध्ये तयार केला. निर्वात नळ्यांवर चालणारे ते यंत्र अंगावर बाळगण्याजोगे नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर, १९६०च्या सुमारास, सोव्हिएट संघात कोब्रिन्स्की यांच्या गटाने रोज वापरता येईल असा हात बनवला.

तेव्हापासून प्रचलित असलेल्या पद्धतीत इलेक्ट्रोड सॉकेटच्या (तुटलेल्या अवयवाच्या उरलेल्या भागावर चढवायच्या खोळीच्या) आतल्या बाजूस बसवलेले असतात आणि ते कातडीला टेकतात. साधारणपणे दोनच जागांवरून संकेत घेतले जातात : एकाने मूठ मिटते, दुसऱ्याने उघडते. बाटलीतले पाणी पेल्यात ओतायचे, तर आधी मूठ मिटायची, मग दोन्ही स्नायू एकदम आवळून नियंत्रण मनगटाकडे वळवायचे, मनगट फिरवायचे आणि बाटली ठेवण्यासाठी पुन्हा तोच खटाटोप करायचा. त्यातच घाम आला, सॉकेट थोडे सरकले किंवा हात डोक्यावर उचलला, की संकेत बिघडतो. कातडीवरून शेजारच्या स्नायूंचे संकेत एकमेकांत मिसळतात आणि अंगठा वाकवणाऱ्या स्नायूसारखे खोलवरचे स्नायू तर नीट सापडतच नाहीत. महागडा हात मिळूनही अनेक जण तो वापरणे सोडून देतात, याचे एक मोठे कारण हेच आहे.

संवेदक थेट स्नायूत बसवला, तर यातील बहुतेक अडचणी टळतात. मात्र त्याची तार कातडीतून बाहेर काढली, तर त्या जागी जंतुसंसर्गाचा धोका कायम राहतो. अमेरिकेत रिचर्ड वेअर, फिलिप ट्रॉइक व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बिनतारी उपाय काढला आणि त्याचे तपशील २००९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा संवेदक म्हणजे सुमारे १६ मिमी. लांब व २.५ मिमी. व्यासाची, हवाबंद सिरॅमिक नळी. तिची दोन्ही धातूची टोके इलेक्ट्रोडचे काम करतात. आत बॅटरी नसते. सॉकेटमध्ये हाताभोवती गुंडाळलेल्या वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रातून नळीला ऊर्जा मिळते आणि टिपलेला संकेत रेडिओलहरींनी त्याच वेटोळ्याकडे परततो. प्रत्येक नळीला स्वतंत्र ओळख असल्यामुळे कोणता संकेत कोणत्या स्नायूचा, हे कळते. सुरुवातीच्या चाचण्या मांजरांवर झाल्या. माणसावरील पहिल्या चाचणीचे प्राथमिक निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी आइसलँडमधील ओसुर कंपनीने पायाच्या स्नायूंत असेच संवेदक बसवून यांत्रिक घोटा चालवल्याचे जाहीर केले.

मूठ मिटणे, अंगठा हलवणे आणि मनगट फिरवणे या क्रिया एकाच वेळी व्हाव्यात, हा या पद्धतीचा सर्वांत मोलाचा लाभ. निरोगी हात नेहमी असाच चालतो.

हात कोपराच्या वर तुटला असेल, तर संकेत घ्यायला बोटांचे स्नायूच उरत नाहीत. अशा वेळी हाताचे तुटलेले मज्जातंतू दंडाच्या किंवा छातीच्या स्नायूंना जोडतात. ही शस्त्रक्रिया टॉड क्यूकेन यांच्या शिकागोतील गटाने २००० नंतरच्या वर्षांत रूढ केली. व्हिएन्नात ऑस्कर आसमान यांच्या गटाने तिची रोपित संवेदकांशी सांगड घालून तीन व्यक्तींवरील दीर्घकालीन निष्कर्ष २०१९ मध्ये मांडले.

स्वीडनमध्ये वेगळा मार्ग निवडला गेला. तेथे माक्स ओर्तिस कातालान व रिकार्ड ब्रोनेमार्क यांनी कृत्रिम हात टायटॅनियमच्या दांड्याने थेट हाडाला जोडला आणि स्नायूंवरील इलेक्ट्रोडच्या तारा त्या दांड्यातूनच बाहेर आणल्या. सॉकेटची गरजच उरली नाही. मज्जातंतूंवरही इलेक्ट्रोड बसवल्यामुळे स्पर्शाची जाणीव परत देता येते. बिनतारी नळ्या केवळ संकेत घेतात, ही जाणीव देऊ शकत नाहीत. चार व्यक्तींनी ३ ते ७ वर्षे ही व्यवस्था रोजच्या आयुष्यात वापरल्याचे २०२० मध्ये नोंदवले गेले.

बिनतारी नळ्यांना ऊर्जा सतत पुरवावी लागत असल्याने कृत्रिम हाताच्या बॅटरीवर भार पडतो. नळी निकामी झाली, तर ती बदलण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिवाय प्रयोगांत सहभागी झालेल्या व्यक्ती मोजक्याच असल्याने आजचे निष्कर्ष सरसकट सर्वांना लागू करणे घाईचे ठरेल. विद्युत्संकेताऐवजी स्नायूची प्रत्यक्ष हालचाल मोजण्याचे प्रयत्नही सुरू आहेत. त्यासाठी स्नायूत काही मिलिमीटर आकाराचे चुंबक बसवून त्यांची जागा बाहेरून मोजतात. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत ह्यू हर यांच्या गटाने २०२१ मध्ये टर्की पक्ष्यांवर हे करून दाखवले. इटलीत पिसा येथील क्रिस्तियान चिप्रियानी यांच्या गटाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोपराखाली हात गमावलेल्या एका व्यक्तीच्या स्नायूंत सहा चुंबक बसवून सहा आठवडे कृत्रिम हात चालवून पाहिला.