द्विभोजन पद्धती

द्विभोजन पद्धती : दिवसातून फक्त दोन वेळा, प्रत्येक वेळी ठरावीक मुदतीत जेवण उरकून, मधल्या काळात नाममात्र उष्मांकांची पेये सोडून कोणताही पदार्थ न घेण्याची आहारपद्धती. महाराष्ट्रात ती ‘दीक्षित जीवनशैली’ या नावाने, बोलण्यात ‘दीक्षित डाएट’ म्हणून ओळखली जाते. इतरत्र ‘इंटरमिटंट फास्टिंग’ या नावाखाली ज्या अनेक पद्धती मोडतात (सोळा तास उपास व आठ तासांत खाणे ही १६:८ पद्धत, आठवड्यातून दोन दिवस अत्यल्प आहाराची ५:२ पद्धत, दिवसाआड उपास) त्यांच्याशी तिचे निकटचे नाते आहे. वजन व कमरेचा घेर कमी करणे आणि टाइप-२ मधुमेह टाळणे वा आटोक्यात ठेवणे हे तिचे उद्दिष्ट होय.

पूर्वपीठिका : ठरवून कमी वेळा जेवण्याची प्रथा भारतात जुनी आहे. धर्मशास्त्रात एकभुक्त (दिवसा एकदाच भोजन), नक्त (दिवसभर उपाशी राहून रात्री एकदा भोजन), अयाचित (न मागता मिळालेल्या अन्नावर राहणे) आणि उपवास असे प्रकार सांगितले असून भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात व्रतांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. जैन परंपरेतील बियासणा, म्हणजे दिवसातून दोनदाच एका बैठकीत जेवणे, हा प्रकार प्रस्तुत पद्धतीला सर्वांत जवळचा आहे. सूर्यास्तानंतर अन्नपाणी वर्ज्य करणारा चौविहारही त्याच परंपरेतला. आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाण्याला आयुर्वेदात अध्यशन म्हटले असून ते रोगाचे कारण मानले आहे.

आजच्या मराठी घरातील उपवास मात्र वजन घटवण्याच्या दृष्टीने बहुधा उलट दिशेने जातो. पन्नास ग्रॅम कोरडा साबुदाणा, मूठभर दाण्याचे कूट आणि दोन चमचे तूप यांची एक बशी खिचडी सुमारे ४०० किलोकॅलरी देते. त्यातील साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असून त्यात प्रथिने नाममात्र असतात. साबुदाण्याचा कसावा कंद, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातील असल्याने उपवासाचे हे ताट प्राचीन व्रतग्रंथांच्या काळचे असू शकत नाही. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत निराहार राहणारी व्यक्ती आणि एकादशीला दर तीन तासांनी खिचडी, वेफर्स व गोड चहा घेणारी व्यक्ती या दोघी ‘उपवास’ हा एकच शब्द वापरतात, पण त्यांच्या शरीरात घडणाऱ्या क्रिया वेगळ्या असतात. वैद्यकीय सल्ला देताना ‘तुम्ही उपवास करता का’ एवढे विचारणे त्यामुळे पुरत नाही.

उगम व प्रसार : या पद्धतीची मूळ मांडणी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांची. वैद्यकाचे पदवीधर, अनेक विद्याशाखांतील पदव्यांचे धनी, आमदार, राज्यात मंत्री व पुढे राज्यसभेचे सदस्य असलेल्या जिचकारांनी आहारावरील व्याख्यानांतून दिवसातून दोनदाच जेवण्याचा विचार मांडला. त्यांच्या अपघाती निधनानंतर लातूर येथील वैद्यकीय अध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याला नियमांची चौकट दिली, ‘विनासायास वेट लॉस’ या नावाखाली गावोगावी विनामूल्य व्याख्याने दिली आणि व्हॉट्सअॅप गटांतून पाठपुराव्याची व्यवस्था उभी केली. हॉल भरवून, मराठीत, प्रश्नोत्तरांसह आणि शुल्क न घेता आहारशास्त्र सांगण्याचा हा उपक्रम सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. पद्धतीच्या तपशिलाबद्दल मतभेद असले तरी उपाशीपोटीची इन्सुलिन पातळी व एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी रक्तशर्करेचा निर्देशक) या तपासण्यांची नावे सामान्य माणसाच्या तोंडी रुळण्यास तिचा मोठा हातभार लागला.

स्वरूप : खरी भूक लागण्याच्या दोन वेळा प्रत्येकाने स्वतः ओळखाव्यात, त्या वेळी प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण संपवावे आणि मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा याखेरीज काही घेऊ नये, असा मुख्य नियम आहे. जोडीला आठवड्यातील बहुतेक दिवस सुमारे ४५ मिनिटे चालणे आणि दर तीन महिन्यांनी तपासणी यांची शिफारस केली जाते. जेवणात कच्च्या भाज्या व मोडाची कडधान्ये आधी आणि भाकरी-पोळी नंतर, असा क्रमही सुचवला जातो.

शरीरक्रियात्मक आधार : अन्न, विशेषतः पिष्टमय व गोड पदार्थ, पोटात गेल्यावर स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते, ते साखर पेशींत पोचवते आणि चरबीचे विघटन रोखते. दिवसभर थोडेथोडे खाणाऱ्याची इन्सुलिन पातळी दीर्घकाळ चढी राहते, तर दोन जेवणांत मोठे अंतर ठेवल्यास ती खाली येऊन, यकृतातील ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा ओसरत जातो तशी चरबी इंधन म्हणून अधिक वापरली जाते. ५५ मिनिटांची मर्यादा मात्र व्यवहारातील शिस्त म्हणून समजून घ्यावी. इन्सुलिनचा मूळ स्राव उपाशीपोटीही चालू असतो आणि जेवणानंतरचा स्राव अन्नाच्या प्रकारानुसार व प्रमाणानुसार कमीअधिक होतो, त्यामुळे छप्पन्नाव्या मिनिटाला काही नवे घडते असे मानण्यास आधार नाही.

प्राग येथे ५४ टाइप-२ मधुमेही व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेवढ्याच उष्मांकांचा आहार सहा छोट्या खाण्यांत घेण्यापेक्षा दोन मोठ्या जेवणांत घेतल्याने वजन अधिक घटले. ती दोन जेवणे सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण ही होती, हा तपशील महाराष्ट्रात क्वचितच सांगितला जातो. अमेरिकेतील ११६ जणांवरील १६:८ पद्धतीच्या चाचणीत (२०२०) नेहमीप्रमाणे तीन वेळा खाणाऱ्यांच्या तुलनेत वजनात लक्षणीय फरक आढळला नाही आणि घटलेल्या वजनात स्नायूंचा वाटा चिंता वाटावी इतका होता. चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर झालेल्या चाचणीत (२०२२) उष्मांक कमी करून वेळेचे बंधन पाळणाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलो, तर केवळ उष्मांक कमी करणाऱ्यांचे ६.३ किलो घटले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. तात्पर्य, घड्याळाचा मुख्य लाभ मधले खाणे बंद होण्यात आहे. चहाबरोबरची बिस्किटे, संध्याकाळचा फरसाण व रात्रीचे आइस्क्रीम ज्याच्या दिवसातून जाते त्याचे वजन घटते. जो त्याची भरपाई दोन जेवणांत करतो त्याचे घटत नाही.

पुण्यातील शरीररचनेचे संशोधन : वजनाचा विचार करताना पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम टाळता येत नाही. पुण्याभोवतीच्या खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची आढळली. पण पुण्याच्या बालकांत चरबी त्या मानाने टिकून होती आणि स्नायू कमी होते. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक व ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले : दोघांचा बीएमआय (वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के व याज्ञिक यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या पोटात दडलेली ही चरबी लक्षात घेऊनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर अतिवजन व २५ च्या वर स्थूलता धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात. द्विभोजन पद्धती आचरणाऱ्याने म्हणून वजनकाट्याइतकाच मोजपट्टीवर भर द्यावा. ज्याचे वजन चार किलोने उतरले पण कमर तसूभर हलली नाही त्याने चरबीऐवजी स्नायू गमावले असण्याची शक्यता असते.

स्नायू राखण्यासाठी प्रथिने लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढास दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीस ५० ग्रॅम प्रथिने हवीत. दोनच जेवणे असतील तर प्रत्येकात २५ ग्रॅम बसवावी लागतात : पन्नास ग्रॅम कोरड्या मुगाची किंवा मटकीची मोड आणून केलेली उसळ, ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि मोठी वाटी दही एवढ्याने ती गरज भागते. वरणभात, बटाट्याची भाजी व पापड यांच्या ताटाने भागत नाही.

सुरक्षितता : निरोगी प्रौढास ही पद्धती सामान्यतः सोसते, पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोके दुखणे, चिडचिड, बद्धकोष्ठ व पित्ताचा त्रास होतो आणि बहुधा कमी होतो. धोका आहे तो औषधे घेणाऱ्यांना, आणि लोकप्रिय लेखनात नेमकी हीच बाजू अपुरी राहते. इन्सुलिन तसेच ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या जेवण झाले की नाही याची पर्वा न करता साखर उतरवतात. तीनऐवजी दोन जेवणे घेऊन गोळ्या तशाच ठेवल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यास हा धोका फार कमी असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधांबरोबर दीर्घ उपास केल्यास रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो, आणि तो साखर फार चढलेली नसतानाही संभवतो, म्हणून पटकन ओळखू येत नाही. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यास वजन घटू लागल्यावर उठताना चक्कर येऊ शकते. या सर्व औषधांची मात्रा उपास सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. ती स्वतः बंद करणे हाही तितकाच मोठा धोका होय.

मधुमेहींच्या उपासाचा सर्वांत चांगला लेखाजोखा रमजानच्या रोज्यांचा आहे. तेरा देशांतील १२ हजारांहून अधिक मधुमेहींच्या २००१ मधील पाहणीत रमजानच्या महिन्यात तीव्र स्वरूपात साखर उतरण्याचे प्रमाण टाइप-१ मधुमेहींत सुमारे ४.७ पट व टाइप-२ मधुमेहींत ७.५ पट वाढलेले आढळले. रोज्यात पाणीही वर्ज्य असल्याने ही तुलना तंतोतंत नाही. तथापि त्यातून तयार झालेले नियम येथेही लागू पडतात. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅमच्या खाली किंवा ३०० च्या वर गेल्यास उपास तत्काळ सोडावा. घाम, थरथर, धडधड, गोंधळ ही साखर उतरल्याची लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि गरज पडल्यास पुन्हा द्यावी. व्यक्ती बेशुद्ध असल्यास तोंडात काही घालू नये. नियम मोडेल या भीतीने साखर न घेणारे रुग्ण आढळतात, म्हणून हे घरातल्या माणसांनाही सांगून ठेवावे.

टाइप-१ मधुमेही, अठरा वर्षांखालील मुले, गर्भवती व स्तनदा स्त्रिया, कमी वजनाच्या व्यक्ती, क्षयरोगावर उपचार घेणारे आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकाराचा पूर्वेतिहास असणारे यांनी ही पद्धती स्वतःहून अवलंबू नये. फार वेगाने वजन घटल्यास पित्ताशयात खडे होऊ शकतात. आठवड्याला अर्धा ते एक किलो ही गती पुरेशी आहे. मधुमेह्याचे वजन प्रयत्नाविना घटत असेल तर त्याचे श्रेय आहाराला देण्यापूर्वी वाढलेली साखर व क्षयरोग यांचा शोध घ्यावा.

खराडी व रात्रपाळी : रात्रपाळीत जेवणाच्या वेळा पाळणे अवघड जाते, याचे उदाहरण म्हणजे पुण्यातील खराडी. नगर रस्त्यालगत, मुळा-मुठेच्या काठी असलेले खराडी हे मूळचे गाव, ईऑन आयटी पार्क, वर्ल्ड ट्रेड सेंटर व झेन्सारचे संकुल यांमुळे ते पूर्व पुण्याचे मोठे संगणक-उद्योग केंद्र बनले. येथील बैठ्या कामाला अमेरिकी वेळेची जोड मिळते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा खराडीत उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. अमेरिकेतील घड्याळे मार्च व नोव्हेंबरमध्ये सरकतात, भारतातील सरकत नाहीत, त्यामुळे पाळी वर्षातून दोनदा तासाभराने हलते आणि तिच्याबरोबर जेवणाची वेळही. एरवी पाळी पहाटे तीन-साडेतीनला सुटते आणि कँटीनचे जेवण मध्यरात्रीनंतर होते, जेव्हा शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते. अशा कर्मचाऱ्याने पहिले जेवण झोपून उठल्यावर दुपारी एक-दोनच्या सुमारास आणि दुसरे लॉगिनच्या आधी किंवा पहिल्या विश्रांतीत, आठच्या आत घ्यावे, पाळीत पाणी व ताक ठेवावे आणि पहाटे गाडीवरच्या पोहे-वड्याला नकार द्यावा, हे व्यवहार्य दिसते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याने मात्र रात्रपाळीत हा प्रयोग साखर मोजण्याच्या यंत्राविना करू नये. पहाटे दुचाकीवरून घरी जाताना साखर उतरल्यास जीव धोक्यात येतो.

मतभेद : २०१८–१९ च्या सुमारास मराठी वृत्तपत्रे व वाहिन्यांवर दीक्षित यांची पद्धती आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा दर दोन-तीन तासांनी थोडे खाण्याचा सल्ला यांवर मोठी चर्चा झाली. दोन्ही बाजू वेष्टनातील तयार पदार्थ व साखर टाळण्यावर भर देतात.

खर्च : पद्धतीस वेगळा खर्च नाही, तपासण्यांचा असतो.

स्त्रिया : मासिक पाळीच्या तक्रारी, रक्तक्षय व थायरॉइडविकार असणाऱ्या स्त्रियांवरील दीर्घकालीन अभ्यास तुरळक आहेत.