हिमप्रदेशातील ड्रॅगन : एका कल्पित प्रजातीची घडण

कोणता प्राणी कोठे आढळावा हे ठरवण्याचा अधिकार निसर्गाइतकाच कवींनाही असतो, ही गोष्ट राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची चर्चा करताना स्पष्टपणे नोंदवली आहे. मगर नदीत असली तरी कवीने मकर समुद्रातच वर्णावा, भूर्जवृक्ष हिमालयातच दाखवावा, चंदन मलयपर्वतावरच. वस्तू अनेक ठिकाणी असताना तिला एकाच ठिकाणी बांधून टाकणारा हा ‘नियम’ नावाचा संकेत होय. पाश्चात्त्य वाङ्मयातील ड्रॅगन या प्राण्याचा इतिहास पाहताना या संकेताचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे. ड्रॅगन निसर्गात कोठेच नसल्यामुळे त्याचे निवासस्थान हे सर्वस्वी कविसमयाचेच काम ठरते. आणि तो समय दीर्घकाळ उष्णतेचा होता.

प्लिनीने इ. स. च्या पहिल्या शतकात ड्रॅगनला भारतात आणि इथिओपियात वसवले. हत्तीचे रक्त अतिशय थंड असते, म्हणून कडक उन्हाळ्यात ड्रॅगन पाण्याजवळ दबा धरून त्याला विळखा घालतो व ते रक्त पितो, असे तो सांगतो. सातव्या शतकाच्या प्रारंभी सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या कोशात हीच परंपरा पुढे नेली. आपल्याकडील काव्यपरंपरेतही मलयावरील चंदनाला सर्प वेटाळून राहतात ते त्याच्या शीतलतेच्या ओढीने. हत्तीचे रक्त आणि चंदनाचे खोड यांत अंतर मोठे आहे. परंतु दोन्हीकडे सर्प हा दाहाने पोळलेला व गारव्याच्या शोधात असलेला प्राणी आहे. भूमध्यसागरी लेखकाच्या दृष्टीने उष्ण प्रदेश म्हणजे परका प्रदेश, आणि परक्या प्रदेशात अद्भुताची वस्ती असणे स्वाभाविकच होते.

मग उत्तरेकडील लोकांनी स्वतःच्या कथा रचल्या तेव्हा काय झाले? सुमारे इ. स. १००० च्या हस्तलिखितात टिकून राहिलेल्या ‘बेओवुल्फ’मधील ड्रॅगन स्कँडिनेव्हियात राहतो, परंतु तो आग ओकतो आणि थंडीशी त्याचे काहीही नाते सांगितलेले नाही. नॉर्स परंपरेतील फाफ्निर विष फुंकतो. स्नोरीच्या तेराव्या शतकातील ग्रंथात निढॉग हा सर्प निफ्लहाइम या धुक्याच्या व गारठ्याच्या लोकात विश्ववृक्षाची मुळे कुरतडत असतो. येथे शीत प्रदेश आहे, महासर्पही आहे, पण त्या दोहोंना जोडणारा कार्यकारणभाव नाही. निढॉगला थंडी कशी सोसते, हा प्रश्न त्या संहितेत उद्भवतच नाही. पुराणकथेतील प्राण्याला स्थान असते, परिस्थिती नसते.

परिस्थितीचा प्रश्न प्रथम उपस्थित झाला तो काव्यात नव्हे, स्वित्झर्लंडमधील लोककथांत व तेथील निसर्गअभ्यासकांच्या ग्रंथांत. ल्युसर्नजवळच्या पिलाटस पर्वतावरील एक कथा या दृष्टीने विलक्षण आहे. पिंपे बनवणारा एक कारागीर शरद ऋतूत कपारीत पडतो. आत दोन ड्रॅगन असतात. ते त्याला काही करीत नाहीत; भिंतीवर पाझरणारा खारट ओलावा चाटून हिवाळा काढतात आणि त्यांचे पाहून तोही तेच करतो. वसंतात ड्रॅगन उडण्यास निघतात, तेव्हा एकाच्या शेपटीला धरून तो बाहेर येतो. या कथेत आग नाही, खजिना नाही, वीरपुरुषही नाही. आहे ती केवळ शीतनिद्रेच्या जवळ जाणारी एक दीर्घ, निमूट सोबत. ज्यांनी आल्प्समधील जनावरे हिवाळ्यात बिळात शिरताना वर्षानुवर्षे पाहिली होती, त्यांनीच ही कथा रचली असणार. अनुकूलनाची संज्ञा तयार होण्यापूर्वीच अनुकूलनाचे निरीक्षण येथे कथेत उतरले आहे.

झुरिकचा वैद्य व निसर्गअभ्यासक योहान याकोब शॉइख्त्सर याने १७०२ ते १७११ या काळात आल्प्समध्ये प्रवास केले. १७२३ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ड्रॅगन पाहिल्याच्या साक्षी प्रांतवार लावून दिल्या व सोबत चित्रेही दिली. काही साक्षींविषयी तो साशंक होता, तरी दार त्याने पूर्ण लावून घेतले नाही. याच शॉइख्त्सरने १७२६ मध्ये एका जीवाश्माला जलप्रलयात बुडालेला मानव ठरवले. तो प्रचंड आकाराचा सॅलमँडर असल्याचे पुढे क्यूव्हिएने दाखवून दिले. त्याला हसणे सोपे आहे. परंतु ड्रॅगनला विशिष्ट उंची, विशिष्ट खडक आणि विशिष्ट ऋतू देणारी मांडणी त्याने केली, आणि कल्पित प्रजातींची रचना करणारे आजचे लेखक नकळत त्याच पद्धतीने जातात.

एकोणिसाव्या शतकाने या मांडणीला नियम पुरवले. उष्णरक्ताच्या प्राण्यांत थंड प्रदेशातील प्रकार आकाराने मोठे असतात, हे बर्गमनने १८४७ मध्ये मांडले. त्यांचे कान, शेपूट, पाय आखूड असतात, हे ॲलनने १८७७ मध्ये. या दोन नियमांपुढे ड्रॅगन उभा केला की अडचण लगेच ध्यानात येते. देहाचा प्रचंडपणा थंडीला मानवतो, पण पंख म्हणजे उष्णता गमावणारे दोन अवाढव्य पडदे. पंख आखूड केले तर उड्डाण जाते, उड्डाण राखले तर ऊब जाते. शिवाय ड्रॅगन सरीसृप मानला तर अंड्यांचे काय? घोणस-फुरशांच्या कुळातील, उत्तर ध्रुववृत्तापलीकडेही आढळणारा ॲडर हा सर्प पिलांनाच जन्म देतो. आपल्याकडील घोणस व फुरसेही उष्ण प्रदेशात राहून तेच करतात, हे खरे. तरीही थंडी वाढते तसे अंडी न घालणाऱ्या सरीसृपांचे प्रमाण वाढते. हिमप्रदेशातील ड्रॅगनचे अंडे ही लेखकांची सवय आहे, विचार नव्हे.

विसाव्या शतकात ‘सरीसृप म्हणजे थंड रक्त’ हे समीकरणच डळमळले. १९६९ मध्ये ऑस्ट्रॉमने डायनोनिकसचे वर्णन केले आणि डायनोसॉर चपळ, कदाचित उष्णरक्ताचे असावेत हा वाद पेटला. अलास्काच्या उत्तर भागात त्यांचे जीवाश्म मिळाले. २०१२ मध्ये वर्णन झालेला चीनमधील युटिरॅनस सुमारे नऊ मीटर लांबीचा असून अंगावर पिसे बाळगणारा निघाला. पिसांचे आवरण असलेला हिमड्रॅगन आता शास्त्राला फारसा अवघड वाटत नाही.

वाङ्मयाची वाट मात्र वेगळी आहे. ई. नेस्बिटने १९०० मधील आपल्या संग्रहात उत्तर ध्रुवावर गोठलेला ड्रॅगन आणला. तो थंडीत जगत नाही, थंडीत थांबलेला असतो. १९३६ च्या प्रसिद्ध व्याख्यानात टोल्किनने ‘बेओवुल्फ’मधील राक्षसांना गौण मानणाऱ्या समीक्षकांचा समाचार घेतला; त्याच टोल्किनच्या १९५५ च्या परिशिष्टात एका शीत ड्रॅगनचा उल्लेख येतो. तो बुटक्यांचा राजा डाइन व त्याचा पुत्र फ्रोर यांना त्यांच्या महालाच्या दारात ठार करतो, आणि परिणामी ती जमात करडे पर्वत सोडून जाते. त्याचे शीतत्व म्हणजे आगीचा अभाव की थंडीचे बळ, हे लेखक सांगत नाही. १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने शुभ्र रंगाचा, गारठ्याचा श्वास सोडणारा ड्रॅगन रूढ केला. ही निर्मिती नव्हे. जुन्या कविसमयाचे केवळ उलटे केलेले चिन्ह आहे. आगीच्या जागी हिम ठेवले, बाकी ड्रॅगन जसाच्या तसा.

जॉर्ज मार्टिनच्या १९८० मधील ‘द आइस ड्रॅगन’ या कथेतही श्वास थंडच आहे, परंतु तेथे थंडी हा गुण नसून देह आहे. ऐन हिवाळ्यात जन्मलेली अडारा बर्फाच्या इवल्या सरड्यांशी खेळते. इतरांच्या हातात ते विरघळून मरतात. ड्रॅगन हिवाळ्यात येतो आणि ऊब आली की निघून जातो. अखेरीस आग ओकणाऱ्या ड्रॅगनांशी झुंजून तो उरतो तो गार पाण्याच्या डबक्याच्या रूपात. बर्फाचा देह उडतो कसा, खातो काय, याचा हिशेब येथे लागत नाही, आणि लागण्याची गरजही नाही. असंभव असूनही पटणारे हे संभव असूनही न पटणाऱ्यापेक्षा श्रेयस्कर, हा ॲरिस्टॉटलचा निवाडा बर्गमन व ॲलन यांचे नियम पाळून बेतलेल्या कितीतरी निर्जीव ड्रॅगनांना लागू पडतो. याउलट पिटर डिकिन्सनने १९७९ च्या पुस्तकात ड्रॅगनचे उड्डाण शरीरात साठणाऱ्या हायड्रोजनने समजावून दिले, तेव्हा स्पष्टीकरण स्वतःच अद्भुत झाले, म्हणून ते तरले.

मराठीत हा प्राणी आणू पाहणाऱ्याची अडचण नावापासूनच सुरू होते. ‘अजगर’ म्हटले की पंख जातात, ‘नाग’ म्हटले की पूज्यभाव येतो, आणि दोहोंबरोबर ऊन, वारूळ व पाऊस आपोआप येतात. ‘व्याल’ हा शब्द सर्पालाही लागतो आणि मंदिरांवरील कल्पित श्वापदालाही. त्याला अजून ऋतू मिळालेला नाही, म्हणून ‘हिमव्याल’ म्हणता येईल. मात्र त्याने हिवाळा कसा काढला, हे सांगणारा पिलाटसवरील कारागीर मराठीत प्रथम जन्मावा लागेल.