परदेशी वैद्यकविद्या आणि आपल्या दारचे आरोग्य



आजच्या विषयावर एखाद्या नामवंत डॉक्टरांनी बोलावे, असे कोणास वाटल्यास ते रास्तच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची उमेद कामगार संघटनेच्या कामात गेली आणि जे चार शब्द वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. तथापि घोडबंदर रस्त्याच्या आसपास, बाळकुम-कोलशेतच्या बाजूला, एके काळी औषधांचे व रसायनांचे कारखाने होते. आज त्यांतील बहुतेकांच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत. त्या पट्ट्यात औषधाची गोळी बनवणाऱ्या कामगाराच्या घरी तीच गोळी विकत आणायला महिनाअखेरीस पैसे नसत, हे आम्ही पाहिलेले आहे. विद्या कोठे तयार होते आणि ती कोणाच्या उंबऱ्यापर्यंत पोचते, हा प्रश्न आम्हाला तेव्हापासून पडलेला आहे. इतिहासात त्याची काही उत्तरे सापडतात. तीच आज आपणापुढे ठेवतो.

घोडबंदरच्या किल्ल्याखालून जी खाडी वाहते, तिला मिळणारे उल्हास नदीचे पाणी कल्याणवरून येते. ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना नावाची मुलगी त्या कल्याणातल्याच घराण्यातली. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला व तो अवघ्या दहा दिवसांत गेला. आपल्या बायकांसाठी बायकाच डॉक्टर हव्यात, हा निश्चय त्या दुःखातून पक्का झाला. गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले. ख्रिस्ती व्हा, असा सूर उत्तरात आला. दोघांनाही ते मान्य नव्हते. पण तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीच्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी तो दंतवैद्याकडे खोळंबून बसल्या असता वाचला. धर्म बदलण्याची अट न घालता त्यांनी आपले घर या मुलीला उघडे केले.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथे, म्हणजे बंगालातील श्रीरामपूर येथे, आनंदीबाईंनी आपण अमेरिकेस का जातो हे भर सभेत सांगितले. त्याच वर्षी त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झाले होते. तेथे जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली याही शिकत होत्या. तिघींचे १८८५ सालचे एकत्र छायाचित्र आजही पाहावयास मिळते. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाची जागाही त्यांना देऊ केली होती. परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे गेल्या व न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सीच्या दफनभूमीत विसावल्या.

श्रोतेहो, या कथेत डोळे ओले करण्याजोगे पुष्कळ आहे. पण आपण हिशेबही मांडला पाहिजे. शिकवणारे महाविद्यालय तिकडे होते, परतल्यावरची जागा इकडे होती. मधला पूल मात्र दोन कुटुंबांच्या पत्रांचा होता. एका माणसाच्या खांद्यावर सगळे ओझे आले आणि ते माणूस गेल्यावर विद्याही त्याच्याबरोबर गेली. विद्या टिकावी तर तिला संस्थेचा आधार लागतो.

तसा आधार उभारण्याचा एक प्रयत्न मुंबईत १९२६ साली झाला. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या देणगीतून परळला वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट त्या देणगीला होती. त्याच महाविद्यालयातून सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस डॉक्टर झाले. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. पुढे ते तिकडच्या बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. शिकायला परदेशी जाणारा आपला माणूस आता सेवा द्यायला परदेशी गेला, ही बारा-पंधरा वर्षांतली मोठीच मजल म्हटली पाहिजे.

खरा पालट मात्र खेड्यात झाला. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला शिकले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९७० साली नगर जिल्ह्यातील जामखेडला आले. दुष्काळी मुलूख, जातीची बंधने कडक. त्यांनी गावातल्याच बायका आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाती आरोग्य देणाऱ्या प्रयोगांचे पुस्तक काढले, त्यात जामखेड होते. प्राथमिक आरोग्यसेवेचा आल्मा-आताचा जाहीरनामा १९७८ सालचा. पुढे परदेशचे विद्यार्थीच जामखेडला शिकायला येऊ लागले. गुरू कोण आणि शिष्य कोण, हे नाते उलटले ते असे.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग हेही जॉन्स हॉपकिन्सहून १९८४ साली पदवी घेऊन आले व १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले. आनंदीबाईंनी श्रीरामपूरला जे सांगितले, त्याचा पुरावा शंभर वर्षांनी आकड्यांत मिळाला. नंतर ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी देखभाल करण्याचा प्रयोग झाला, ४७ गावे तुलनेसाठी घेतली. नवजात मृत्यूंत ६२ टक्क्यांनी घट झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट'ने छापले. २०११ पासून हेच काम देशभर 'आशा' सेविकांमार्फत सरकारने सुरू केले.

आता आमचा, म्हणजे कामगार माणसाचा, मुद्दा. परदेशी विद्यापीठाशी करार होतो तेव्हा पदवी डॉक्टरला मिळते, निबंधावर नाव प्राध्यापकाचे येते. रात्री दोन वाजता तान्ह्या बाळाचा श्वास मोजणारी सेविका मात्र आजही सरकारी कागदावर 'स्वयंसेविका'च आहे. तिला पगार नाही, मानधन व मोबदला आहे. २०२३ साली महाराष्ट्रातील आशाताईंना त्यासाठी संप करावा लागला. जगाला शिकवणाऱ्या प्रयोगाचा पाया ज्यांनी रचला, त्यांना नोकरदार म्हणायलाही सरकार तयार नसेल, तर समता हा शब्द आपण जपून वापरावा.

आमच्या वस्त्यांतली पोरे-पोरी आज परदेशी वैद्यकाचे शिक्षण घ्यायची स्वप्ने पाहतात. त्यांनी अवश्य जावे. श्रीमंत देशांनी गरीब देशांतले डॉक्टर-परिचारिका ओढून नेऊ नयेत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आचारसंहिता केली. पण ती ऐच्छिक आहे, तिच्या भरवशावर राहून चालणार नाही. म्हणून प्रत्येक करारापुढे तीन प्रश्न ठेवावेत. परतणाऱ्यासाठी येथे जागा आहे काय? संशोधनाचा विषय येथल्या दुखण्यातून निघाला आहे काय? आणि शेवटच्या घरी जाणाऱ्या बाईला तिच्या कामाचे वेतन मिळणार आहे काय? तिन्हींना 'होय' असे उत्तर मिळाले तर तो करार आपला मानावा. एकालाही 'नाही' आले, तर सही करण्याआधी भांडावे. भांडण्याची रीत शिकायची असेल तर त्यासाठी आमच्या संघटनेचे दार उघडे आहे. तेथे फी पडत नाही.