आगाखान पॅलेसमधली शांतता

धायरीत राहणाऱ्याला चार क्षण शांत बसायचं असेल तर धारेश्वराचं देऊळ आहे, सिंहगड रोडवर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. तेवढ्यासाठी अख्खं शहर ओलांडून नगर रोडला कोण जाईल? मी जाते, वर्षातून दोनदा तरी. धायरी फाट्यावरून बसने स्वारगेट आणि पुढे मेट्रोने कल्याणीनगर. या मेट्रोचा मूळ मार्ग आगाखान पॅलेसच्या समोरूनच जाणार होता. ही वास्तू राष्ट्रीय स्मारक असल्यामुळे तो कल्याणीनगरकडे वळवावा लागला. म्हणजे इथली शांतता आजही कायद्याने राखलेली आहे.

पहिल्यांदा ती राखली होती काटेरी तारांनी आणि बंदूकधारी पहारेकऱ्यांनी.

इमारत १८९२ची. दुष्काळात आसपासच्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून बांधली, असं सांगितलं जातं. बांधणारे तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचे होते, हे वाचून मला गंमत वाटली होती. पुढे १९०६मध्ये मुस्लिम लीग स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष झाले. आणि १९४२मध्ये ‘छोडो भारत’च्या धरपकडीत इंग्रज सरकारने गांधींना ठेवलं ते यांच्याच महालात. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत अटक झाली. गाडीतून चिंचवड स्टेशनवर उतरवून मोटारीने इथे आणलं. सोबत महादेव देसाई, सरोजिनी नायडू आणि मीराबेन होत्या. कस्तुरबा आणि डॉ. सुशीला नय्यर दोन दिवसांनी आल्या.

महाल होता, कमानी होत्या, रुंद व्हरांडे होते. पण तो तुरुंग होता. सहाव्या दिवशी, १५ ऑगस्टच्या सकाळी, महादेवभाईंना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय ५०. पंचवीस वर्षं गांधींची पत्रं, भेटी, डायऱ्या सांभाळणारा हा माणूस. ७२ वर्षांच्या गांधींनी त्यांना स्वतः अंघोळ घातली. सरकार मृतदेह बाहेर जाऊ देईना, म्हणून आवारातच चिता रचली. त्यानंतर गांधी त्या जागेवर रोज फुलं वाहायला जात.

ज्या बागेत आज लोक डोळे मिटून बसतात तिची सुरुवात अशी झाली. कुणी आराखडा काढला नव्हता. एका मित्राच्या राखेपर्यंत रोज चालून चालून एक वाट पडली, एवढंच.

कस्तुरबांचं इथलं दीड वर्ष मला जास्त ओढून घेतं. सत्तरी उलटलेल्या या बाईला नवरा भूगोल शिकवत होता आणि तिच्या काही ते डोक्यात राहत नव्हतं. त्या मीराबेनबरोबर कॅरम खेळायच्या. तब्येत मात्र ढासळत गेली. शेवटी डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा धाकटा मुलगा देवदास याने पेनिसिलिन मागवलं. तेव्हा ते औषध अगदी नवं आणि दुर्मीळ होतं. ते इंजेक्शनने, दर काही तासांनी द्यावं लागणार, हे कळल्यावर गांधींनी नको म्हटलं. २२ फेब्रुवारी १९४४ला, महाशिवरात्रीला, कस्तुरबा गेल्या.

यावर आज मोबाइलवर भांडणं चालतात. बायकोला औषध नाकारलं आणि काही आठवड्यांनी स्वतःला मलेरिया झाला तेव्हा क्विनीन घेतलं, असा आरोप होतो. तपशील खरे आहेत. पण ते औषध येईपर्यंत खूप उशीर झाला होता, हाही तपशीलच आहे. मला गांधींचा निर्णय पटत नाही. मुलाला शेवटचा प्रयत्न करू द्यायला हवा होता. तरीही समाधीपाशी बसलं की त्या हिशेबापेक्षा दुसरीच गोष्ट आठवत राहते.

ती म्हणजे चितेची लाकडं. १९४३च्या फेब्रुवारीत गांधींनी इथेच २१ दिवसांचा उपवास केला होता. ते वाचणार नाहीत असं गृहीत धरून सरकारने चंदन आणून ठेवलं होतं. गांधी वाचले, चंदन पडून राहिलं. वर्षभराने तेच कस्तुरबांना लागलं. महादेवभाईंच्या शेजारीच त्यांना अग्नी दिला. गांधींनी कातलेल्या सुताची साडी त्यांच्या अंगावर होती. चिता विझेपर्यंत गांधी तिथून हलले नाहीत.

गांधींची तब्येतही खालावली. तिसरा मृत्यू सरकारला नको होता. ६ मे १९४४ला सकाळी आठ वाजता त्यांना सोडलं. निघण्याआधी ते दोन्ही समाध्यांपाशी गेले. आणि त्याच दिवशी त्यांनी सरकारला पत्र लिहिलं: ही दहनाची जागा ताब्यात घ्या, आणि नातेवाइकांना, मित्रांना केव्हाही येता यावं म्हणून आगाखानांच्या आवारातून वाट द्या. २१ महिने कैदेत काढलेल्या माणसाने सुटताना तुरुंगात परत यायचा हक्क मागितला. जागा खासगी मालकीची आहे, सक्तीने घेता येणार नाही, असं सरकारने कळवलं.

ती वाट खरी मोकळी झाली १९६९मध्ये, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षी. चौथ्या आगाखानांनी पूर्ण महाल देशाला देऊन टाकला.

आता खिडकीवर तिकीट मिळतं. बहुतेक जण कमानींखाली फोटो काढतात, आतल्या खोल्यांतली चित्रं पाहतात आणि परत फिरतात. इमारतीच्या मागच्या बाजूला, झाडांतून जाणाऱ्या वाटेने पुढे गेलात तर दोन समाध्या शेजारी शेजारी दिसतील. तिथे बसलं की नगर रोडचे हॉर्न ऐकू येतात, पण लांबून. जवळच एक लहानशी तिसरी समाधी आहे. तिच्यात गांधींच्या अस्थींचा काही भाग ठेवला आहे.